कागदांवरच्या तारखा

कॅन्सरच्या ओपीडीत पेशंट येतो तो पिशवी घेऊन. साडीच्या दुकानाची, बियाण्याच्या कंपनीची, नाहीतर नातवाचं जुनं दप्तर. आत गुंडाळलेला एक्स-रे, एकमेकांना चिकटलेले सोनोग्राफीचे काळे फोटो, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, आधार कार्डाच्या आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स आणि वेगवेगळ्या अक्षरांतल्या चिठ्ठ्या. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी त्या पिशवीतून फक्त बायोप्सीचा रिपोर्ट शोधायचो आणि बाकीचं सगळं परत आत कोंबून द्यायचो. एका बाईंच्या पिशवीने माझी ती सवय मोडली.

बाई बावन्न वर्षांच्या, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातल्या. डाव्या स्तनात मोठी गाठ, वरची कातडी लाल आणि जाड झालेली, काखेतही गाठी. त्यांची पहिली केमो लावली त्या दुपारी मी पिशवीतले सगळे कागद टेबलावर तारखेप्रमाणे मांडले. ११ जून : गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी, पाच दिवसांच्या गोळ्या. १२ ऑगस्ट : तालुक्याच्या गावी सोनोग्राफी, खाली ‘पुढील तपासणी करावी’ असा शेरा. मग दोन महिने एकही कागद नाही. ते सोयाबीनच्या काढणीचे दिवस. शिवाय जिल्ह्याला जायचं तर एसटीचं भाडं, बुडालेला रोज आणि सोबत येणारा माणूस असं सगळंच जुळावं लागतं. १७ ऑक्टोबर : सुईची तपासणी, निष्कर्ष संदिग्ध. ५ नोव्हेंबर : बायोप्सी. २३ नोव्हेंबर : रिपोर्ट. त्यानंतर आणखी एक तपासणी, तिच्यासाठी गाठीचा तुकडा दुसऱ्या शहरातल्या लॅबला पाठवलेला. मग उपचाराचा खर्च देणाऱ्या सरकारी योजनेची मंजुरी. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना, त्याचेच तीन कागद. ११ जानेवारी : पहिली केमो. कॅलेंडर घेऊन मोजलं, तर दोनशे चौदा दिवस झाले होते.

त्या कागदांवर सही केलेल्या एकाही माणसाने मुद्दाम उशीर केला नव्हता. सोनोग्राफी करणाऱ्याने योग्य शेरा लिहिला होता, लॅबने आपल्या नेहमीच्या वेळात रिपोर्ट दिला होता, योजनेच्या खिडकीवरचा मुलगा नियमाप्रमाणेच वागला होता. पण सोनोग्राफीचा कागद हातात घेऊन ती बाई बाहेर पडली, तेव्हा पुढे कुठे जायचं, कुणाला भेटायचं आणि किती दिवसांत, हे सांगणं कुणाचंच काम नव्हतं. देशाची आरोग्यव्यवस्था आणि कॅन्सरचे परिणाम यांचा संबंध काय, हा या पुस्तकाचा विषय आहे. मला त्याचं उत्तर त्या टेबलावर सापडलं. व्यवस्था म्हणजे एका कागदापासून दुसऱ्या कागदापर्यंतचं अंतर. ते कमी करण्याची जबाबदारी कुणीतरी घेतलेली असते किंवा नसते, आणि देशादेशांतला फरक बराचसा तिथून सुरू होतो.

उशिराची किंमत आता आकड्यांत सांगता येते. २०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक मोठा आढावा आला. चौतीस अभ्यास, बारा लाखांहून अधिक रुग्ण. ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका साधारण सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो, असं त्यातून निघालं. हा हिशेब मुख्यतः श्रीमंत देशांतल्या रुग्णांचा आणि तोही निदान झाल्यानंतरच्या उशिराचा. आमच्याकडे निदानाच्या आधीच जे महिने जातात, ते यात धरलेलेच नाहीत.

देशांची तुलना करणारे आकडेही आहेत. ‘कॉनकॉर्ड-३’ या अभ्यासाने ७१ देशांतल्या ३२२ कॅन्सर नोंदण्यांमधून पावणेचार कोटी रुग्णांची माहिती गोळा केली आणि ती २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. स्तनाच्या कॅन्सरचं निदान झाल्यावर पाच वर्षं जगणाऱ्या बायकांचं प्रमाण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात नव्वद टक्क्यांच्या आसपास, भारतात सहासष्ट. रोग तोच आणि मूळ औषधंही बरीचशी तीच. मग हा फरक येतो कुठून, हे शोधायला निघालं की पहिलं सोपं उत्तर तोंडावर येतं, पैसा. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही. म्हणून मी वाचकाला आधी दोन श्रीमंत देशांत घेऊन जातो.

१९९० च्या दशकात ‘युरोकेअर’ नावाच्या प्रकल्पाने युरोपातल्या वेगवेगळ्या देशांच्या कॅन्सर नोंदण्या पहिल्यांदा शेजारी-शेजारी ठेवल्या. त्यात इंग्लंड आणि डेन्मार्क आपल्या शेजाऱ्यांच्या मागे निघाले. दोन्ही देशांत आरोग्यसेवा करातून चालते आणि पेशंटला डॉक्टरच्या दारात पैसे मोजावे लागत नाहीत. सरकारी आरोग्यसेवेची बाजू घेऊन आयुष्यभर भांडत आलेल्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट पचायला जड गेली. मी आजही त्याच बाजूला आहे. पण उपचार मोफत असणं आणि उपचारापर्यंत वेळेत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या आकड्यांनी शिकवलं.

इंग्लंडमध्ये माणूस थेट स्पेशालिस्टकडे जात नाही. आधी फॅमिली डॉक्टर, मग त्याची चिठ्ठी, मग हॉस्पिटल. या रचनेचे मोठे फायदे आहेत. विनाकारण तपासण्या होत नाहीत, खर्च आटोक्यात राहतो, पेशंटला ओळखणारा एक डॉक्टर असतो. पण त्या डॉक्टरच्या खुर्चीत बसून पाहा. वर्षभरात हजारो पेशंट. कुणाला खोकला, कुणाचं पोट दुखतंय, कुणी नुसतं ‘गळून गेल्यासारखं वाटतं’ म्हणतंय. त्यातून वर्षाला कॅन्सरचे नवे पेशंट निघतात साधारण आठ. ते आठ वेळेवर ओळखायचे, आणि ओळखले तरी पुढे स्कॅनची रांग. लोकसंख्येच्या मानाने सीटी स्कॅनची यंत्रं ब्रिटनमध्ये बहुतेक श्रीमंत देशांपेक्षा कमी आहेत. २००६ ते २००८ या वर्षांतल्या इंग्लंडच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की जवळपास चारातल्या एका पेशंटचा कॅन्सर इमर्जन्सीत कळला होता. आतडं बंद झालं, झटका आला, श्वास अडकला, तेव्हा. असे पेशंट पहिल्या वर्षातच फार मोठ्या संख्येने दगावतात.

इंग्लंडने प्रयत्न केले नाहीत असं नाही. १९९५ च्या काल्मन-हाइन अहवालाने कॅन्सरच्या सेवांची फेरमांडणी सुचवली, २००० साली राष्ट्रीय कॅन्सर योजना आली. संशयित पेशंटला दोन आठवड्यांत स्पेशालिस्टने पाहायचं आणि तातडीच्या चिठ्ठीनंतर ६२ दिवसांत शंभरातल्या पंच्याऐंशी जणांचे उपचार सुरू करायचे, अशी बंधनं घातली गेली. काही वर्षं ती पाळलीही गेली. पण ६२ दिवसांची मर्यादा देशपातळीवर २०१५ नंतर गाठता आलेली नाही. मुदत कागदावर लिहिल्याने यंत्रं आणि माणसं वाढत नाहीत. तरीही मुदत लिहिलेली असते म्हणून ती हुकल्याचं देशाला दर महिन्याला कळतं, संसदेत त्यावर प्रश्न विचारले जातात. आमच्या त्या बाईंचे दोनशे चौदा दिवस कुठल्या सभागृहात विचारले गेले असते?

डेन्मार्कची हकिगत मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथेही पहिल्या दोन योजनांनी फार हललं नाही. लांबलेल्या रांगांवर वर्तमानपत्रांतून संताप उसळला. मग २००७ साली तिथल्या सरकारने आणि प्रांतांनी मिळून ठरवलं की कॅन्सरला तातडीचा आजार धरायचं. हार्ट अटॅकच्या पेशंटला आपण ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणत नाही, त्याच न्यायाने. २००८ पासून तीसहून अधिक कॅन्सरांसाठी ठरलेले मार्ग आखले गेले. संशय आल्यापासून कुठली तपासणी कुठल्या क्रमाने करायची, प्रत्येक टप्प्याला किती दिवस, आणि हे सगळं जुळवून आणणारा माणूस कोण, हे आधीच लिहून ठेवलेलं. हॉस्पिटलांनी त्यासाठी तपासणीच्या वेळा राखून ठेवल्या. अवघड ऑपरेशनं विखुरलेल्या छोट्या हॉस्पिटलांतून काढून थोड्या, सराव असलेल्या केंद्रांकडे नेली.

हे मार्ग चालू झाल्यावर डेन्मार्कच्या संशोधकांना, विशेषतः आर्हुस विद्यापीठातल्या गटाला, एक अडचण दिसली. कॅन्सरचे बरेचसे पेशंट पाठ्यपुस्तकातली लक्षणं घेऊन येतच नाहीत. गाठ नाही, रक्तस्राव नाही, फक्त वजन कमी झालेलं आणि जेवण जात नाही. अशा पेशंटसाठी कुठलाच ठरलेला मार्ग नव्हता. म्हणून त्यांनी दुसरी वाट काढली. लक्षणं धूसर असली आणि डॉक्टरच्या मनात पाल चुकचुकली, तर पाठवायला निदान केंद्रं. आणि तिसरी, साधी शंका फेडण्यापुरती तपासणी फॅमिली डॉक्टरला थेट मागवता येण्याची सोय. डॉक्टरच्या मनातल्या शंकेला सरकारी व्यवस्थेत जागा करून देणं, ही मला या सगळ्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. २०१९ साली सात देशांची तुलना ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आली. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, डेन्मार्क, आयर्लंड, न्यूझीलंड, नॉर्वे आणि ब्रिटन. १९९५ पासूनच्या वीस वर्षांत ज्यांनी मोठी चढण चढली, त्यांत डेन्मार्क ठळक उठून दिसतो. एकदा मागे पडलेला देश पुढे सरकू शकतो, तोही त्याच करांच्या पैशाने चालणाऱ्या व्यवस्थेत राहून.

अमेरिकेत चित्र वेगळं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तिचे आकडे जगात वरचे, नवं औषध बहुधा आधी तिथे मिळतं, आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा साधारण सहावा हिस्सा आरोग्यावर खर्च होतो. पण तिथलीच एक नोंद पाहावी. पासष्टाव्या वर्षी तिथे जवळपास प्रत्येकाला ‘मेडिकेअर’ हा सरकारी विमा मिळतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२१ साली वयानुसार निदानांचा आलेख काढला, तेव्हा फुफ्फुस, स्तन, मोठं आतडं आणि प्रोस्टेट यांच्या कॅन्सरची निदानं चौसष्टहून पासष्टाव्या वर्षी एकदम उसळलेली दिसली. माणसाच्या शरीरात त्या वाढदिवसाला काही घडत नाही. घडतं ते एवढंच की विम्याचं कार्ड हातात येतं. त्या उसळीत किती जणांनी खोकल्यातून रक्त पडत असताना किंवा गाठ हाताला लागत असताना वाढदिवसाची वाट पाहिली असेल, याचा विचार करताना मला आमच्या बाईंचे सोयाबीनच्या काढणीचे दिवस आठवतात.

त्याच देशातलं डेलावेअर हे छोटं राज्य मात्र दुसऱ्या वाटेने गेलं. २००२ नंतर त्यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी सगळ्यांपर्यंत नेली, विमा नसलेल्यांच्या तपासणीचा खर्च राज्याने उचलला आणि कॅन्सर निघाला तर दोन वर्षांच्या उपचाराचाही. लोकांना हाताला धरून तपासणीपर्यंत नेणारी माणसं नेमली. २००९ पर्यंत कृष्णवर्णीयांमधलं तपासणीचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर गेलं, गोऱ्यांच्या बरोबरीला आलं, आणि मृत्यूंमधली दोघांतली दरी जवळजवळ बुजली. कित्येक वर्षं जो फरक वंशाच्या नावावर खपवला गेला होता, तो सात-आठ वर्षांत एवढा कमी झाला.

इथे वाचकाला एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रकरणांतले तक्ते दिशाभूल करतील. पाच वर्षं जगण्याचं प्रमाण वाढलं म्हणजे मृत्यू कमी झालेच असं नाही. समजा, एक माणूस सत्तराव्या वर्षी कॅन्सरने जाणार आहे. त्याचा रोग सदुसष्टाव्या वर्षी सापडला तर तो निदानानंतर तीन वर्षं जगला. बासष्टाव्या वर्षी सापडला आणि उपचाराने काहीच फरक पडला नाही, तर तो आठ वर्षं जगला. तक्त्यात तो यशस्वी ठरतो, पण तेराव्याचा दिवस तोच. शिवाय काही गाठी अशा असतात की त्या सापडल्या नसत्या तरी माणसाला कधी त्रास झाला नसता. दक्षिण कोरियात हे देशव्यापी प्रमाणात घडलं. १९९९ पासून तिथे कॅन्सर तपासणीचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या जोडीला हॉस्पिटलं थोड्या जादा पैशात गळ्याची सोनोग्राफी करून देऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यूंचा आकडा मात्र होता तिथेच राहिला. हजारो लोकांच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या, ते आयुष्यभर गोळ्यांवर आले, काहींचा आवाज गेला. २०१४ साली तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे सांगितलं की ही तपासणी थांबवा, आणि ऑपरेशनांची संख्या झपाट्याने खाली आली. त्या डॉक्टरांबद्दल मला फार आदर आहे. स्वतःच्या धंद्याला तोटा होईल असं खरं बोलायला धैर्य लागतं.

म्हणून आकडा पाहताना तीन गोष्टी शेजारी ठेवाव्यात. किती जणांना रोग झाला, किती जण त्याने गेले, आणि पहिल्यांदा सापडला तेव्हा तो कितपत पसरलेला होता. तिसरी गोष्ट व्यवस्थेबद्दल सगळ्यांत जास्त बोलते, आणि नेमकी तीच कित्येक देशांत नीट लिहिली जात नाही.

आता आपल्याकडे वळतो. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण होते आणि सुमारे ९ लाख मृत्यू. अमेरिकेत त्याच वर्षी जवळपास २४ लाख नवे रुग्ण आणि ६ लाख मृत्यू. कॅन्सरचे प्रकार दोन्हीकडे वेगळे आहेत, तेव्हा सरळ भागाकार करून निकाल देणं बरोबर नाही. तरीही या दोन जोड्या शेजारी ठेवल्यावर मला झोप लागत नाही.

या देशात कॅन्सरशी लढण्याची परंपरा लहान नाही. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली उघडलं. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासून चालू आहे. पण मला या प्रस्तावनेत थांबायचं आहे ते बार्शीला.

१९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला आणि शेजारच्या परंडा आणि भूम तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शहरातली नोंदणी हॉस्पिटलांच्या रजिस्टरांवर चालते. खेड्यात ते शक्य नव्हतं, कारण खेड्यातला कॅन्सरचा पेशंट हॉस्पिटलात पोचतच नव्हता. घरातल्या घरात, कोपऱ्यातल्या खाटेवर त्याचा शेवट व्हायचा आणि गावात सांगितलं जायचं की पोटात काहीतरी झालं होतं. डॉ. कस्तुरी जयंत यांनी म्हणून पद्धतच बदलली. नोंदणीचे कार्यकर्ते साडेतीनशेच्या आसपास गावांतून फिरू लागले. पारावर, शाळेत, ग्रामपंचायतीत बसायचे, विचारायचे. पाळी गेल्यावर कुणाच्या अंगावरून पुन्हा जातंय का? तोंडातली जखम बरी होत नाही असं कुणी आहे का? आणि असं असेल तर बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात कसं यायचं, ते सांगायचे.

कामाचा हेतू मोजण्याचा होता. पण काही वर्षांतच दिसलं की गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर घेऊन येणाऱ्या बायका आधीच्या मानाने लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या आहेत. नवं यंत्र आलं नव्हतं, नवं औषधही नाही. कुणीतरी गावात येऊन विचारत होतं आणि पुढची वाट सांगत होतं. डेन्मार्कने वीस वर्षांनी जे मोठ्या खर्चाने उभं केलं, त्याचं बीज या तीन तालुक्यांत जीपच्या धुरळ्यात पडलेलं होतं, असं मी म्हणतो आणि त्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

त्याच मातीत पुढचं काम झालं. टाटा मेमोरियल, बार्शीचं हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लिओंची तीच आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास केला. बार्शीचे डॉ. भगवान नेने त्यात पुढे होते. एका गटातल्या बायकांची आयुष्यात एकदा एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली. आठ वर्षांनी त्या गटात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले होते आणि साधारण तितक्याच बायकांच्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. ही माहिती २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आली आणि जगभरच्या धोरणांनी तिचा आधार घेतला. तपासणी न मिळालेल्या गटावरून पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या चौसष्ट बायका आपल्याच होत्या.

मुंबईत डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाख बायकांवर आणखी साधी पद्धत तपासली. गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. तपासणाऱ्या होत्या वस्तीतल्याच, किमान दहावी शिकलेल्या बायका. चार आठवड्यांचं प्रशिक्षण. त्यांना लॅब लागली नाही, वीजही फारशी नाही. बारा वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

आणि मग? पुरावा आपल्या जमिनीवर, आपल्या बायकांच्या अंगावर तयार झालेला. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख यांची तपासणी करण्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१६ साली काढल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारलं गेलं की गर्भाशयाच्या मुखाची तपासणी कधी झाली आहे का. देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या १.९ टक्के. स्तनाच्या तपासणीला ०.९ टक्के. मी हे दोन आकडे विद्यार्थ्यांपुढे फळ्यावर लिहितो तेव्हा मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी विचारतं, ‘सर, टिंब चुकलंय का?’ टिंब जागच्या जागी आहे.

उपचाराच्या बाजूला काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे ती राज्यभर गेली आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. शेत न विकता केमो पूर्ण झालेले पेशंट मी या योजनेमुळे पाहिले आहेत, त्याआधीची वर्षंही पाहिली आहेत. २०१२ मध्येच उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरच्या हॉस्पिटलांची औषधखरेदी एकत्र केली आणि महागड्या औषधांचे भाव खूप खाली आणले. जिल्हा रुग्णालयांत केमोची डे-केअर केंद्रं काढण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. ही सगळी कामं मोलाची आहेत. पण योजना सुरू होते ती निदानाचा कागद हातात आल्यावर. त्याआधीची सोनोग्राफी, सुई, बायोप्सी, चार वेळचं एसटीचं भाडं बहुतेक घरांत खिशातूनच जातं. आमच्या बाईंच्या दोनशे चौदा दिवसांतले पहिले एकशे पासष्ट दिवस निदानाच्या आधीचे होते.

उपचार सुरू झाला म्हणजे संपलं, असंही नाही. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरची मुख्य औषधं जुनी आहेत, पेटंटं संपलेली, स्वस्त. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. गरीब देशांत तीस टक्क्यांहून कमी. एक मोठं कारण म्हणजे उपचार अर्धवट सुटतात. दोन-अडीच वर्षं मुंबईत राहायचं कुठे, खायचं काय, गावाकडच्या दुसऱ्या मुलाकडे कोण बघणार? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत वर्षानुवर्षं कॅन्सरची कुटुंबं राहतात. ती खोली आणि ते जेवण औषधाइतकंच उपचाराचा भाग आहे, आणि टाटाच्या बालकॅन्सर विभागाने राहण्या-खाण्याची आणि समाजसेवकांची साथ वाढवली तेव्हा उपचार सोडून जाणारी मुलं कमी झाली.

पुढच्या प्रकरणांत निरनिराळ्या देशांच्या व्यवस्था सविस्तर येतील. कर, विमा, खाजगी-सरकारी यांवरचे वाद येतील, आणि ते महत्त्वाचे आहेत. माझी विनंती एवढीच की प्रत्येक व्यवस्थेला वाचकाने एकच प्रश्न विचारत जावा : इथे एखाद्या बाईच्या हाताला गाठ लागली, तर तिथून पुढचे दिवस कोण मोजतं?

हे दिवस मोजायचे कसे, यावरही विचार झालेला आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आर्हुस निवेदनात संशोधकांनी तारखांच्या व्याख्या ठरवल्या. पहिलं लक्षण जाणवल्याची तारीख, पहिल्यांदा डॉक्टरला दाखवल्याची, चिठ्ठी दिल्याची, निदानाची, उपचाराची. ते वाचल्यावर मी आमच्या केसपेपरकडे नव्याने पाहिलं. नोंदणीच्या तारखेला जागा होती, दाखल झाल्याच्या तारखेला होती, योजनेच्या मंजुरीच्या तारखेला होती. पहिल्या तारखेला जागाच नव्हती. मी पेनने वरच्या कोपऱ्यात एक चौकट काढली. त्या बाई तेव्हा चौथ्या केमोला आल्या होत्या, डोक्याला पदर घट्ट बांधलेला. त्यांना विचारलं, गाठ पहिल्यांदा कधी जाणवली? त्यांना तारीख आठवायला क्षणभरही लागला नाही. ‘पाडव्याला,’ त्या म्हणाल्या. ‘पुरण वाटताना काखेत ओढ बसली, तेव्हा हात लावून पाहिला. घरात पाहुणे होते.’ मी चौकटीत पाडवा लिहिला आणि दोनशे चौदाचा आकडा खोडून पुन्हा मोजायला बसलो.